खोलीतल्या हवेचे प्रदूषण मॉस आणि दगडफुलावरून कळते का?

एका विज्ञानशिक्षिकेचा प्रश्न आहे. हवा बिघडली की दगडफुले नाहीशी होतात असे पुस्तकात वाचायला मिळते. मग वर्गात, प्रयोगशाळेत आणि छपाईयंत्राच्या खोलीत मॉसच्या काचपेट्या ठेवल्या, तर मॉस कोमेजण्यावरून आतली हवा वाईट आहे हे कळेल का? कळत नसेल, तर कोणती जात, कशी आणि किती दिवस ठेवावी आणि हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावावा?

मॉस कोमेजले यावरून खोलीतल्या हवेबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. मॉसवर आणि मॉसच्या आत काय साचले यावरून मात्र पुष्कळ कळते, आणि त्यासाठी मॉस जिवंत असण्याचीही गरज नसते. गेली अनेक वर्षे मी हेच काम करतो आहे, आणि आतल्या हवेचे जे प्रयोग फसलेले पाहिले त्यांतले बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे फसले होते. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम शब्दांविषयी. ‘शेवाळ’ हा एकच शब्द आपण पाण्यातल्या शैवलालाही वापरतो आणि ओल्या भिंतीवरच्या मखमलीसारख्या हिरव्या थरालाही. त्या थरातली बारीक पाने असलेली वनस्पती म्हणजे मॉस. दगडफूल, म्हणजेच लायकेन किंवा शैवाक, ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवल, किंवा बुरशी आणि नीलहरित जीवाणू, यांचा कायमचा संसार आहे. दोघांचे कूळ अगदी वेगळे. पण हवेच्या दृष्टीने दोघांची राहणी सारखी. खरी मुळे नाहीत, त्यामुळे जमिनीतून विशेष काही येत नाही. पानांवर मेणचट आवरण नाही किंवा असलेच तर अगदी पातळ आहे, आणि मॉसचे पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचे असते. उघडझाप करणारी पर्णरंध्रे तर दगडफुलाला मुळीच नसतात. त्यामुळे पाणी, क्षार, धूळ, धातू, काजळी जे काही हवेतून येईल ते साऱ्या अंगाने घ्यायचे, एवढाच मार्ग त्यांच्यापुढे असतो. त्यातही मॉसच्या पेशीभित्तिकांत युरॉनिक आम्लांचे गट भरपूर असतात आणि ते धनभारित धातूंना धरून ठेवतात. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातली राळ ज्या तत्त्वावर, म्हणजे आयन-विनिमयावर, चालते, त्याच तत्त्वावर हे घडते.

या गुणांचा उपयोग दोन निराळ्या वाटांनी झाला. पहिली वाट जीव जगतो की मरतो हे पाहण्याची. विल्यम नायलँडर याने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांची नोंद करून त्यांचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्समधल्या झाडांवर कोणती दगडफुले आहेत आणि कोणती नाहीत यावरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधणारी मोजपट्टी दिली. पाठ्यपुस्तकांत येते ती हीच वाट. दुसरी वाट साठ्याची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये र्यूलिंग आणि ट्यूलर यांनी जंगलातल्या मॉसमधले शिसे मोजून ते कुठून आले असावे हे दाखवले, आणि त्यातूनच पुढे १९९० पासून दर ५ वर्षांनी होणारे युरोपभरचे मॉस-सर्वेक्षण उभे राहिले. जिथे मॉस मुळात उगवतच नाही तिथे काय करायचे, या अडचणीवर १९७१ मध्ये गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी वेल्समधल्या स्वॉन्झी भागात तोडगा वापरला: स्वच्छ जागचे मॉस आणून ते जाळीच्या पिशवीत भरून टांगायचे. खोलीच्या आत मॉस उगवत नाही, म्हणून आपला सारा खटाटोप या पिशवीवरच उभा आहे.

पहिली वाट घरात का चालत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. मॉस आणि दगडफूल यांना अंगातले पाणी राखता येत नाही. भोवतालची हवा कोरडी झाली की तेही कोरडे होतात आणि एक प्रकारच्या निद्रेत जातात. त्या अवस्थेत प्रकाशसंश्लेषण थांबते आणि विषारी वायूंचा परिणामही फारसा होत नाही. हिरव्या शैवलाची दगडफुले नुसत्या दमट हवेनेही जागी होऊ शकतात, पण नीलहरित जीवाणूंच्या दगडफुलांना प्रत्यक्ष पाणीच लागते. माणसाला सुखकर वाटणाऱ्या खोलीत दव पडत नाही, पाऊस येत नाही आणि खिडकीपासून दोन पावलांवर उजेड एकदम उतरतो. तिथे जीव खालावला तर पहिला संशय कोरडेपणावर आणि अंधारावर घ्यायचा, हवेवर नव्हे. काचपेटीत पाणी शिंपडून मॉस टवटवीत ठेवता येईल हे खरे. पण मग आपण काचेआडची हवा तपासत असतो, वर्गातली नव्हे.

यावर एक अनुभव सांगण्यासारखा आहे. एका इमारतीत छपाईयंत्राच्या खोलीत आम्ही इव्हर्निया प्रुनास्त्री या दगडफुलाचे नमुने टांगले होते. हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून, म्हणजे उजेड पडल्यावर ते परत सोडते त्या क्षीण प्रकाशावरून, जिवंतपणाचा जो निर्देशांक काढतात तो निरोगी दगडफुलात ०.६ ते ०.७ च्या आसपास असतो. तीन आठवड्यांत तो निम्म्यावर आला. सगळ्यांनी यंत्राकडे बोट दाखवले, आणि खरे सांगायचे तर मीही दाखवले. पण त्याच इमारतीतल्या एका रिकाम्या, बंद कपाटात तुलनेसाठी ठेवलेला नमुना काढून पाहिला, तर तोही तेवढाच खाली आला होता. कपाटात छपाईयंत्र नव्हते. अंधार आणि कोरडी हवा तेवढी होती. तो कपाटातला नमुना नसता, तर आम्ही एका निर्दोष यंत्राविरुद्ध अहवाल देऊन मोकळे झालो असतो. तेव्हापासून जिवंतपणाचा निर्देशांक मी खोलीच्या आत मोजतो तो फक्त नमुन्याची अवस्था नोंदवण्यासाठी, निष्कर्षासाठी नाही.

इथेच एक गैरसमजही दूर करतो. कार्यालयांच्या भिंतींवर जे रंगीत, मऊ ‘मॉस’ लावलेले दिसते, ते बहुधा मॉस नसून क्लॅडोनिया जातीचे दगडफूल असते. त्यातले पाणी काढून जागी ग्लिसरीन भरलेले असते आणि वर रंग दिलेला असतो. ते दिसायला सुंदर असले तरी मेलेले आहे, आणि ग्लिसरीन-रंगाने त्याचे पृष्ठभाग व्यापलेले असल्याने मोजणीच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. त्यावरून हवा कळते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आता साठ्याच्या वाटेकडे येतो. बाहेर टांगलेल्या पिशवीवर वारा आदळतो, पाऊस तिला भिजवतो आणि धुतोही. भिजल्यामुळे विद्राव्य धातू पेशीभित्तिकेत जाऊन बसतात, धुतल्यामुळे काही कण निघूनही जातात, त्यामुळे बाहेरच्या आकड्यांत हवामानाचा बराच घोळ असतो. खोलीत हा घोळ नाही, ही मोठी सोय. जे बसले ते बसले. पण याची दुसरी बाजूही आहे. आत हवेचा वेग साधारणपणे सेकंदाला ०.१ ते ०.२ मीटर एवढाच असतो, त्यामुळे कण पिशवीवर आदळून चिकटण्याचे प्रमाण कमी आणि संथपणे खाली बसण्याचे जास्त. ओलावा नसल्याने धातूंचा आयन-विनिमयही मंद. परिणाम असा, की आत साठा सावकाश होतो आणि तो बराचसा पृष्ठभागावरच्या कणांचा असतो. म्हणून बाहेर चार-सहा आठवड्यांत जे काम भागते, त्याला आत आठ ते बारा आठवडे द्यावेत. घाईने उतरवलेली पिशवी बहुधा ‘काही आढळले नाही’ असे सांगते, आणि ते खोटे आश्वासन ठरते.

जातीची निवड लोकांना वाटते तेवढी निर्णायक नाही. मॉसमध्ये हिप्नम क्युप्रेसिफॉर्मी, प्ल्युरोझियम श्रेबेरी आणि स्फॅग्नमच्या जाती, दगडफुलांत इव्हर्निया प्रुनास्त्री आणि स्यूडेव्हर्निया फर्फ्युरेशिया यांचा अनुभव सर्वाधिक आहे. इटलीत नेपल्स आणि त्याच्या परिसरातल्या घरांच्या आत-बाहेर हिप्नमच्या पिशव्यांच्या जोड्या लावून काम झाले आहे. इटलीतल्या शाळांत स्यूडेव्हर्निया, तर पोर्तुगालमधल्या शहरी आणि ग्रामीण प्राथमिक शाळांत फ्लाव्होपार्मेलिया कॅपेराटा हे दगडफूल वापरले गेले. रोममधल्या व्हिला फार्नेसिना या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या वास्तूत इव्हर्नियाचे नमुने ठेवून वाहनांच्या धुरातले आणि ब्रेकमधले चुंबकीय कण मोजण्यात आले. रस्त्यापासून दूर जावे तसा त्या कणांचा ठसा कमी होत गेला आणि दालनांच्या आत तो बाहेरच्यापेक्षा बराच क्षीण होता. चित्रांना धोका कुठून आहे हे कळण्यासाठी दालनात गुणगुणणारे यंत्र ठेवावे लागले नाही, हे मला या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य वाटते. पिशवीला वीज लागत नाही, आवाज नाही, आणि झोपायच्या खोलीतही कोणाला तिचा त्रास होत नाही.

मी स्वतः खोलीच्या आत मॉसला अधिक पसंती देतो, तेही मारून वापरलेल्या मॉसला. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुऊन मग ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसच्या वर वाळवले की मॉस मरते. त्याचा साठवण्याचा गुण बऱ्याच अंशी टिकतो आणि वाढ, सडणे, रंग बदलणे असले प्रश्न उरत नाहीत. जिवंत मॉस जितके ठिकाणागणिक वेगवेगळे वागते, तितके मेलेले वागत नाही. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे जर्मनीत फ्रायबर्ग इथल्या राल्फ रेस्की यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेला स्फॅग्नम पॅलुस्ट्रेचा एकच वाण. जंगलातून मॉस न खरडता, प्रत्येक वेळी एकसारखा आणि धातूंनी अगदी गरीब असा माल मिळावा, हा त्यामागचा हेतू. सुरुवातीला साठा जितका कमी, तितकी नंतरची लहानशी भरही ठळक दिसते.

पिशवीची रचना साधी आहे, पण चुका तिथेच होतात. नायलॉनची, साधारण दोन मिलिमीटर डोळ्यांची जाळी घ्यावी आणि ती सौम्य आम्लाने व शुद्ध पाण्याने धुऊन वाळवावी. एक ते दोन ग्रॅम कोरडे मॉस त्यात सैल आणि पातळ पसरावे. मूठभर मॉस गच्च कोंबले, तर बाहेरचा थर कण धरतो आणि आतला गाभा कोराच राहतो. मग दोन्ही एकत्र दळल्यावर जो आकडा येतो तो पातळ झालेला असतो. वर्गात पिशवी बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून एक ते दीड मीटरवर असावी. खिडकीच्या झोतात, वातानुकूलन यंत्राच्या तोंडाशी, फळ्याला खेटून किंवा झाडूच्या धुळीत ती नसावी. प्रत्येक खोलीत किमान तीन, त्याच भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पावसापासून आडोसा देऊन तीन, आणि तुलनेच्या किमान पाच पिशव्या हवाबंद डब्यात. हाताळताना पावडर नसलेले हातमोजे हवेत, कारण काही हातमोज्यांच्या पावडरीत आणि रबरातही जस्त असते.

जस्तावरून आमची एकदा चांगलीच फजिती झाली. एका निवासी इमारतीत सगळ्या खोल्यांमधले जस्त तुलनेच्या नमुन्याच्या दुपटीच्या आसपास आले. रस्ता जवळच होता, टायरच्या झिजेतून जस्त येते हे सर्वज्ञात, त्यामुळे अहवालाचा मसुदा लिहूनही झाला. मग माझ्या एका सहायिकेने विचारले की न्हाणीघराला लागून असलेल्या, एकही खिडकी नसलेल्या बोळात जस्त सर्वांत जास्त का? आम्ही पिशव्या टांगल्या होत्या त्या जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेने, आणि दमट जागी तारेवर पांढुरकी भुकटी धरली होती. नखाने खरवडली की ती बोटाला लागत होती. तो मसुदा मी अजून जपून ठेवला आहे. आता पिशव्या फक्त नायलॉनच्या दोऱ्याने टांगतो, तारेला आणि टाचण्यांना हातही लावत नाही.

पिशव्या उतरवल्यावर मॉस धुवायचे नाही. जे मोजायचे तेच धुऊन जाईल. धातूंसाठी ते ४० अंशांच्या आसपास वाळवून, बारीक करून, नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सूक्ष्मलहरींच्या भट्टीत विरघळवतात आणि आयसीपी-एमएस या, अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. पारा आणि अर्धवट ज्वलनातून येणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बने पाहायची असतील, तर ती उडून जाऊ नयेत म्हणून नमुना गरम न करता गोठवून ठेवावा. प्रयोगशाळेला एकच प्रश्न जरूर विचारावा: माझ्या नमुन्यांबरोबर मॉसचा किंवा दगडफुलाचा प्रमाणित संदर्भ-नमुना, म्हणजे ज्यातले धातूंचे प्रमाण आधीच माहीत आहे असा नमुना, चालवणार का? मॉससाठी एम२ आणि एम३, दगडफुलासाठी आयएईए-३३६ आणि बीसीआर-४८२ असे संदर्भ-नमुने आहेत. पाणी किंवा माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेला वनस्पतीचा नमुना जमतोच असे नाही, आणि संदर्भ-नमुन्याचा आकडा जुळला नाही तर पुढच्या साऱ्या चर्चेला आधार राहत नाही.

आता आकड्यांचा अर्थ. समजा, हवाबंद डब्यातल्या तुलनेच्या पाच नमुन्यांत शिशाची सरासरी किलोमागे २.० मिलिग्रॅम आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे नमुन्या-नमुन्यांतला नेहमीचा फरक, ०.२ आले. वर्गातल्या पिशवीत २.३ आले. वाढ झाली का? २.० मध्ये ०.२ च्या १.९६ पट मिळवले की जवळजवळ २.४ होतात, आणि २.३ त्याच्या खालीच आहे. म्हणजे ही वाढ मॉसच्या स्वतःच्या चढउतारात बुडून गेली. तिच्याबद्दल बोलायचे नाही. ३.१ आले असते तर बोलता आले असते. हा उंबरठा न काढता ‘१५ टक्के शिसे वाढले’ असे लिहिणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्या टक्क्यांना काही अर्थ नसतो. उंबरठा ओलांडला की मग टांगलेल्या नमुन्याचे तुलनेच्या नमुन्याशी असलेले गुणोत्तर काढतात. दगडफुलांसाठी रूढ असलेल्या एका श्रेणीत ०.७५ ते १.२५ म्हणजे सामान्य, १.२५ ते १.७५ म्हणजे साठा आणि १.७५ च्या वर म्हणजे तीव्र साठा असे धरतात. गुणोत्तर ०.७५ च्या खाली गेले तर ते हवा शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. पोटॅशियमसारखी मूलद्रव्ये पेशी फुटल्यावर झिरपून जातात, एवढाच त्याचा अर्थ असतो.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोणती मूलद्रव्ये एकत्र वाढली. तांबे, अँटिमनी आणि बेरियम हातात हात घालून आले तर ब्रेकची धूळ रस्त्यावरून आत येते आहे. अशा वेळी बाहेरच्या पिशवीत ती आतल्यापेक्षा जास्त असायला हवी आणि रस्त्याकडच्या खोलीत मागच्या खोलीपेक्षा जास्त. कॅडमियमबरोबर लँथेनम आणि सेरियम आतच वाढले तर धूम्रपानाचा संशय घ्यावा, कारण तंबाखूचे पान कॅडमियम साठवते आणि लायटरची चकमक लँथेनम-सेरियमच्या मिश्रधातूची असते. ॲल्युमिनियम, लोह आणि टायटॅनियम बाहेर मातीची खूण मानतात. पण आत ही खूण फसवी असते, कारण पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि भिंत घासली की तो सुटतो. कॅल्शियम वाढले तर वर्गात खडू आणि भिंतीचा गिलावा हे पहिले आरोपी. शिसे आतच जास्त आणि बाहेर कमी असेल, तर जुन्या रंगाचे पोपडे तपासावेत. ही एकच गोष्ट मी कधी पुढच्या फेरीवर ढकलत नाही, कारण लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच.

मॉसला जे सांगता येत नाही तेही तितकेच स्पष्ट असले पाहिजे. पिशवीतून किती घनमीटर हवा गेली हे कोणालाच माहीत नसते, म्हणून किलोमागचे मिलिग्रॅम हवेच्या घनमीटरमागच्या मायक्रोग्रॅममध्ये बदलता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांसाठी, वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे; तुमचा वर्ग त्या मर्यादेत बसतो का, हे मॉस सांगणार नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि रेडॉन यांचा पत्ता त्याला लागत नाही. कोंदटपणा ज्यावरून कळतो तो कार्बन डायऑक्साइडही नाही. नव्या फर्निचरमधून येणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठीही ही पद्धत नको. त्याला निराळी शोषक नळी लागते. जिथे जळण किंवा हीटर खोलीत पेटतो, तिथे मॉसच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा धोकासूचक बसवावा. ही सूचना मी प्रत्येक ठिकाणी करतो, कारण आठ आठवड्यांनी येणारे उत्तर त्या वायूच्या बाबतीत कामाचे नाही.

मग मॉसचा उपयोग काय? यंत्र कुठे ठेवायचे हे सांगण्याचा. अमेरिकेत पोर्टलंड इथे वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये शहरातल्या झाडांवरून ऑर्थोट्रायकम लायेली या मॉसचे ३४६ नमुने गोळा केले. कॅडमियमच्या नकाशावर जे ठळक डाग उमटले ते रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांजवळ होते. त्यानंतर तिथे हवेची यंत्रे लावली गेली आणि हवेतले कॅडमियम खरोखरच जास्त निघाले. मॉसने दंड ठोठावला नाही; कुठे पाहायचे ते दाखवले. इमारतीतही नेमके हेच घडते. वीस खोल्यांत वीस यंत्रे कोणी लावत नाही, पण साठ पिशव्या लावता येतात, आणि त्यांतल्या ज्या दोन खोल्या वेगळ्या दिसतील तिथे यंत्र न्यायचे.

तुमच्या शाळेपुरते बोलायचे तर मी असे सुचवीन. वर्ग, प्रयोगशाळा आणि छपाईयंत्राची खोली या तीन जागा घ्या, प्रत्येकीच्या बाहेर जोडीची जागा ठरवा आणि सुट्ट्या नसलेल्या दहा आठवड्यांत पिशव्या टांगा. त्या काळात रंगकाम, दुरुस्ती, फवारणी, खिडक्या किती वेळ उघड्या असतात, हे एका वहीत रोज लिहायला मुलांना सांगा. आकडे आल्यावर त्या वहीशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. दगडफूल वापरायचे ठरवले, तर ते झाडावरून सोलून काढू नका. बहुतेक दगडफुले वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात आणि एका प्रयोगासाठी खरवडलेला बुंधा भरून यायला तुमच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण संपेल. वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरचे उचला, तेवढे पुरते. कोणतेही मॉस गोळा करण्यापूर्वी जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी घ्या.

प्रयोगशाळेचा खर्च परवडला नाही, तरी एक भाग शाळेतच करता येतो, आणि मुलांना तोच सर्वांत आवडतो. मॉस हवेतले तंतूही धरते. प्रत्येक पिशवीतली ठरावीक वजनाची चिमूट घ्या, गाळलेल्या पाण्यात हलवा, ते पाणी गाळणकागदावर ओता आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठे करून रंगीत धागे मोजा. निळे, काळे, लाल असे सरळ कडांचे आणि शेवटपर्यंत एकाच जाडीचे तंतू बहुधा कपड्यांतले किंवा गालिच्यातले असतात. मॉसचे स्वतःचे तुकडे पेशींच्या जाळीवरून लगेच ओळखू येतात. टांगलेल्या पिशव्यांबरोबरच हवाबंद डब्यातल्या पिशव्याही मोजा आणि त्यांचा आकडा वजा करा, कारण मोजणाऱ्याच्या बाहीचे धागेही गाळणकागदावर पडतात. मोजताना सर्वांनी एकाच ठळक रंगाचा, वर्गात कोणी घालत नाही अशा रंगाचा सुती अंगरखा घालावा. आम्ही नारिंगी वापरतो. पिशवीची जाळीही स्वतःचे धागे सोडते, म्हणून तीही पांढरी न घेता अशाच एखाद्या चटकन ओळखू येणाऱ्या रंगाची घ्यावी आणि त्या रंगाचे धागे मोजणीतून वगळावेत.